लाकडी बाहुल्याने शिकवलेली भाषा

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या सीमाभागात आयोग, ठराव, मोर्चे, शाळेचे माध्यम, दुकानांच्या पाट्या आणि न्यायालयातील तारखा डोळ्यांसमोर येतात. हे सारे महत्त्वाचेच आहे. परंतु या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे मोठ्या माणसांचे लक्ष क्वचितच जाते. ती म्हणजे मुलांच्या हातातले गोष्टीचे पुस्तक. या दृष्टीने इटलीतील एका सरकारी कारकुनाचे चरित्र पाहण्यासारखे आहे. कार्लो लोरेंझिनी हे त्यांचे नाव. जग त्यांना कोलोदी या टोपणनावाने ओळखते, आणि त्याहून अधिक ओळखते ते त्यांनी घडवलेल्या लांब नाकाच्या लाकडी बाहुल्याला, म्हणजे पिनोकिओला.

पिनोकिओची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी सिनेमात पाहिली असेल, कुणी एखाद्या चित्रमय पुस्तकात वाचली असेल. पण ती लिहिणारा माणूस एका नव्या देशाच्या भाषेच्या वादात उभा होता, शब्दकोशाच्या कामातही त्याचा हात होता आणि शाळेची पुस्तके लिहूनच तो या बाहुल्यापर्यंत पोहोचला, हे फारसे कुणी सांगत नाही.

आचाऱ्याचा मुलगा

कार्लोचा जन्म २४ नोव्हेंबर १८२६ रोजी फ्लॉरेन्स शहरात झाला. त्या वेळी इटली नावाचे राष्ट्र नव्हते. लहानमोठ्या संस्थानांत तो प्रदेश विभागलेला होता. फ्लॉरेन्स ज्यात येते त्या तस्कनी प्रांतावर ग्रँड ड्यूकचे राज्य होते आणि उत्तरेकडच्या मोठ्या मुलखावर ऑस्ट्रियाचा अंमल होता. कार्लोचे वडील दोमेनिको हे जिनोरी नावाच्या सरदार घराण्याकडे आचारी होते. आई आंजोलिना शिवणकाम जाणणारी, थोडेफार शिकलेली बाई होती. या दांपत्याला दहा मुले झाली. कार्लो सर्वांत थोरला. त्याच्या पाठची बहुतेक भावंडे लहानपणीच दगावली. घरात एकामागून एक पाळणा हलावा आणि एकामागून एक तिरडी उठावी, असे ते दिवस होते. पुढे कोलोदींच्या गोष्टींत भूक, थंडी आणि मरण इतक्या सहजपणे येते, त्याचे मूळ इथे असावे असे वाटते.

आईचे माहेर कोलोदी या खेड्यात होते. पेशिया गावाजवळ डोंगराच्या उतारावर चढत गेलेल्या घरांची ही वस्ती. खाली गार्झोनी सरदारांचा वाडा आणि त्याची पायऱ्यापायऱ्यांची प्रसिद्ध बाग. कार्लोचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, याच घराण्याच्या शेतीवाडीचे कारभारी होते. घरची ओढाताण असल्यामुळे कार्लोला काही काळ या आजोळी ठेवण्यात आले आणि प्राथमिक शाळेचे धडे त्याने तिथेच गिरवले. शहरातला हा मुलगा खेड्यातल्या माणसांच्या तोंडची भाषा ऐकत वाढला. पुढे टोपणनाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने आजोळच्या गावाचे नाव घेतले. आपल्याकडे आडनावात गाव जपण्याची रीत आहेच. या लेखकाने आईचे गाव जपले.

शिक्षणासाठी घरात पैसा नव्हता. जिनोरी सरदारांनी मदत केली आणि १८३७ मध्ये कार्लोला धर्मगुरू होण्याचे शिक्षण देणाऱ्या एका विद्यालयात धाडण्यात आले. पाच वर्षे तो तिथे राहिला, पण धर्मगुरू होण्याकडे त्याचा ओढा नव्हता. परत येऊन त्याने फ्लॉरेन्समध्ये पाद्र्यांच्याच दुसऱ्या शाळेत साहित्य आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. मग वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास पियात्ती यांच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी धरली. दुकानात शहरातील विद्वान, लेखक, वर्तमानपत्रवाले यांची ये-जा असे. नव्या पुस्तकांची टिपणे लिहिता लिहिता कार्लोचा हात लिहिता झाला.

दोनदा सैनिक, कायमचा पत्रकार

१८४८ साली युरोपात ठिकठिकाणी उठाव झाले. ऑस्ट्रियाविरुद्ध इटलीतही युद्ध पेटले. तस्कनीतून स्वयंसेवकांची पथके निघाली. एकवीस वर्षांचा कार्लो त्यांत होता. लढाई हरली आणि तो घरी परतला. त्याच वर्षी त्याने एक विनोदी राजकीय पत्र सुरू केले. त्याचे नाव ‘लाम्पिओने’, म्हणजे रस्त्यावरचा दिवा. अंधारात चाचपडणाऱ्यांना उजेड दाखवण्याची त्याची प्रतिज्ञा होती. १८४९ मध्ये पळून गेलेला ग्रँड ड्यूक परत गादीवर येणार हे ठरले आणि दिवा विझवण्यात आला. पत्र बंद पडले.

त्यानंतरची दहा वर्षे लोरेंझिनींनी नाटकांची परीक्षणे, विनोदी लेख, कथा, प्रहसने लिहून काढली. १८५३ मध्ये त्यांनी नाट्यविषयक पत्र काढले. १८५६ मध्ये फ्लॉरेन्सहून लिव्होर्नो बंदराकडे जाणाऱ्या नव्या आगगाडीतल्या प्रवाशांसाठी अर्धी माहिती आणि अर्धी गंमत असे पुस्तक लिहिले. कोलोदी हे टोपणनाव याच काळात रूढ झाले. पैसा हातात टिकत नसे. जुगाराचा नाद होता. लग्न त्यांनी केले नाही.

१८५९ मध्ये पुन्हा युद्ध झाले. बत्तीस वर्षांचे कोलोदी पुन्हा स्वयंसेवक झाले आणि या खेपेस घोडदळात गेले. या वेळी जय मिळाला. पुढच्या वर्षी तस्कनीच्या लोकांनी मतदानाने नव्या राज्यात सामील होण्याचे ठरवले. ‘लाम्पिओने’ पुन्हा पेटला. अकरा वर्षांपूर्वी जिथे बोलणे तोडले गेले होते तिथूनच ते पुढे चालू करीत आहोत, असे कोलोदींनी वाचकांना हसत हसत सांगितले. १७ मार्च १८६१ रोजी इटलीच्या राज्याची घोषणा झाली. कोलोदींना सरकारी नोकरी मिळाली. आधी नाटकांच्या तपासणीचे काम आणि मग फ्लॉरेन्सच्या जिल्हा कचेरीत कारकुनी. १८८१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते सरकारी चाकरीतच राहिले.

राष्ट्र झाले, भाषेचे काय?

आता खरा प्रश्न उभा राहिला. देश एक झाला, पण लोक एकमेकांशी बोलणार कोणत्या भाषेत? व्हेनिसची बोली वेगळी, नेपल्सची वेगळी, सिसिलीची वेगळी, सार्डिनियाची तर अगदीच वेगळी. पुस्तकी इटालियन होती. चौदाव्या शतकातील दान्ते, पेत्रार्क आणि बोक्काच्चो या फ्लॉरेन्सकडच्या थोर लेखकांपासून ती चालत आली होती. पण ती लिहिण्याची भाषा होती. पहिला राजा घरात पिएमाँतची बोली बोलत असे आणि त्याचा मुत्सद्दी प्रधान काव्हूर फ्रेंचमध्ये अधिक मोकळा होत असे. १८६१ मध्ये इटालियन बोलू शकणारे लोक किती होते, याविषयी पुढे विसाव्या शतकातील अभ्यासकांनी हिशेब मांडले. एकाच्या मते शंभरात अडीच, दुसऱ्याच्या मते शंभरात नऊ-दहा. कोणताही आकडा धरला तरी देशातली प्रचंड बहुसंख्या आपल्याच देशाची भाषा न बोलणारी होती. शंभरातील पंचाहत्तरांहून अधिक लोक निरक्षर होते.

या वादात सर्वांत मोठे नाव आलेस्सांद्रो मांझोनी यांचे. ते मिलानचे. त्यांची थोर कादंबरी १८२७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पण आपली भाषा पुस्तकी आहे, जिवंत नाही, ही खंत त्यांना सलत होती. म्हणून फ्लॉरेन्सच्या सुशिक्षित लोकांच्या तोंडची भाषा अभ्यासून त्यांनी ती सारी कादंबरी पुन्हा लिहून काढली आणि १८४० ते १८४२ या काळात नव्याने छापली. १८६८ मध्ये शिक्षणमंत्री ब्रोल्यो यांनी भाषेच्या एकीसाठी एक आयोग नेमला, तेव्हा मांझोनींनी अहवाल दिला. त्याचा सारांश असा की फ्लॉरेन्समध्ये आज बोलली जाते तीच भाषा सर्व देशाने घ्यावी, तिचा शब्दकोश करावा आणि शिक्षकांनी ती शाळाशाळांत न्यावी.

शब्दकोशाचे काम सुरू झाले आणि त्या मंडळावर १८६८ मध्येच कोलोदींना जादा सभासद म्हणून घेण्यात आले. बाजारात, घरात, नाटकगृहात फ्लॉरेन्सचा माणूस काय बोलतो हे त्यांच्याइतके नेमके जाणणारा पत्रकार दुसरा कुठे मिळणार? १८७० मध्ये कोशाची सुरुवात प्रसिद्ध झाली.

पण सर्वांना हे पटले नाही. ग्राझियादिओ आस्कोली नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये जोरदार आक्षेप घेतला. आस्कोली गोरित्सिया या सरहद्दीवरच्या गावचे. ते गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते आणि तिथे तीन-चार भाषा शेजारीशेजारी नांदत होत्या. फ्लॉरेन्समध्ये आज लोक ‘नोवो’ म्हणतात म्हणून साऱ्या देशाने पिढ्यान्‌पिढ्यांचा ‘नुओवो’ सोडावा काय, असा त्यांचा सवाल होता. दोन्ही शब्दांचा अर्थ नवा असाच. पण एका शहराचा उच्चार शब्दकोशाच्या शीर्षकातच घातला गेला होता. आस्कोलींचे म्हणणे असे की भाषेची एकी वरून बसवता येत नाही. लोक शिकले, विचार करू लागले, लिहू-वाचू लागले की ती आतून घडते. सरहद्दीवरच्या माणसाला ही गोष्ट राजधानीतल्या माणसाआधी कळावी, यात आपल्याला नवल वाटणार नाही.

शब्दकोशाचे काम १८९७ पर्यंत रेंगाळले. तोवर मांझोनी गेले होते आणि कोलोदीही गेले होते. चार खंड ग्रंथालयांच्या कपाटांत जाऊन बसले. त्या मंडळावरच्या एका कारकुनाने मधल्या काळात वेगळीच वाट धरली होती.

परीकथा, क्रमिक पुस्तके आणि एक कामचुकार मुलगा

१८७५ मध्ये फ्लॉरेन्सचे प्रकाशक पाज्जी यांनी कोलोदींना फ्रेंच परीकथांचा अनुवाद करायला सांगितले. सिंड्रेला, लाल टोपीवाली मुलगी, झोपलेली राजकन्या, बूट घातलेले मांजर या आपल्याही परिचयाच्या गोष्टी त्यांत होत्या. मूळ गोष्टी फ्रेंच दरबारी थाटाच्या. कोलोदींनी त्यांना तस्कनीच्या माणसांचा बोलण्याचा ढंग दिला. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी या माणसाला आपला वाचक सापडला.

दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, सहा ते नऊ वयाच्या मुलांना शाळा सक्तीची करणारा कायदा झाला. शाळा उघडल्या, पण मुलांना द्यायचे काय? बोधाच्या ओझ्याखाली वाकलेली रूक्ष पुस्तकेच फार होती. त्याच वर्षी कोलोदींचे ‘जान्नेत्तीनो’ आले. त्याचा नायक तांबड्या केसांचा, आळशी, खादाड, पण मनाचा चांगला मुलगा. धडे त्याच्या खोड्यांच्या ओघात येतात. पुढच्या वर्षी ‘मिनुत्सोलो’ हे दुसरे पुस्तक आले. मग जान्नेत्तीनोचा इटलीप्रवास तीन भागांत आला. उत्तर, मध्य आणि दक्षिण इटली अशी त्याची वाटणी होती. त्याचे व्याकरण आले, अंकगणित आले, भूगोल आला. एका भागातल्या मुलाने दुसऱ्या भागातला आपला देश पाहावा, हा त्यामागचा हेतू होता. शब्दकोशात जे शब्द मांडून ठेवायचे होते ते या पुस्तकांत मुलांच्या तोंडून बोलू लागले.

बाहुल्याचा जन्म, मरण आणि पुनर्जन्म

१८८१ मध्ये रोमहून मुलांसाठी एक साप्ताहिक निघाले. ‘जोर्नाले पेर इ बांबीनी’, म्हणजे मुलांचे वर्तमानपत्र. त्याचे संपादक फेर्दिनान्दो मार्तिनी हे कोलोदींच्या परिचयाचे. त्यांच्या आग्रहावरून कोलोदींनी एका बाहुल्याची कथा लिहायला घेतली. पहिली पाने पाठवताना त्यांनी कळवले की हा पोरखेळ आहे, याचे हवे ते करा, पण छापलात तर पुढे लिहावेसे वाटेल इतके पैसे द्या. ७ जुलै १८८१ च्या पहिल्याच अंकात कथा सुरू झाली. तेव्हा लेखकाचे वय चौपन्न वर्षांचे होते.

या कथेची सुरुवातच मुलांना चकवते. राजाची गोष्ट ऐकायला बसलेल्या वाचकाला लेखक सांगतो की इथे राजा नाही, इथे एक लाकडाचा ओंडका आहे. तोही उंची लाकडाचा नव्हे, थंडीत चुलीत सारायचा जळाऊ ओंडका. त्यातून जेपेत्तो नावाचा दरिद्री म्हातारा एक बाहुला कोरतो. बाहुला पुरता तयार होण्याआधीच म्हाताऱ्याची खोड काढू लागतो आणि पाय फुटताच पळत सुटतो.

सिनेमात दिसते त्यापेक्षा मूळ गोष्ट कितीतरी कडक आहे. उपदेश करणाऱ्या रातकिड्याला पिनोकिओ हातोडा फेकून मारतो. भुकेने व्याकूळ झाल्यावर आधी नाकारलेल्या नासपतीच्या साली आणि गाभेही तो खाऊन टाकतो. शेगडीशी पाय शेकत झोपतो आणि पाय जळून जातात. जेपेत्तोकडे पोराच्या अंकलिपीसाठी पैसे नसतात. तो भर हिवाळ्यात अंगातला एकुलता एक कोट विकतो आणि अंकलिपी आणतो. शाळेच्या वाटेवर बाहुल्यांच्या खेळाचा ढोल वाजतो आणि पिनोकिओ ती अंकलिपी जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याला चार नाण्यांना विकून तिकीट काढतो. बापाने कोट विकून आणलेले पुस्तक पोराने खेळासाठी विकले, ही गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही शाळेतल्या गुरुजींना आणि कोणत्याही बापाला समजावून सांगावी लागणार नाही.

मग कोल्हा आणि मांजर भेटतात. सोन्याची नाणी पेरली की झाड उगवते, असे सांगून ते त्याला लुबाडू पाहतात. ऑक्टोबर १८८१ मध्ये कोलोदींनी गोष्ट संपवली ती या दोघांनी पिनोकिओला मोठ्या ओक झाडाला फासावर लटकवले तिथे. पंधरावे प्रकरण, बाहुला मेला, गोष्ट संपली. मुलांसाठी इतका भयंकर शेवट लेखकाने का केला यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मुलांनी मात्र वाद घातला नाही. त्यांना पुढचे हवे होते. साप्ताहिकाकडे तक्रारी आल्या, संपादकांनी लकडा लावला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बाहुला झाडावरून उतरला. निळ्या केसांच्या परीने त्याला वाचवले. आता कथेचे नावही ‘पिनोकिओची साहसे’ असे झाले. मधूनमधून खंड पडत ती जानेवारी १८८३ मध्ये पूर्ण झाली. छत्तीस प्रकरणे झाली. पाठोपाठ पाज्जी यांनी एनरिको माझांती यांच्या चित्रांसह पुस्तक काढले.

खोटे बोलले की नाक वाढते, हे या दुसऱ्या भागातच येते. खेळण्यांच्या देशातही तो इथेच जातो. त्या देशात शाळा नाही, पुस्तक नाही, गुरुजी नाहीत. पाच महिने मजा करून झाल्यावर तिथल्या मुलांना गाढवाचे कान फुटतात आणि मग ती विकली जातात. शेवटी महाकाय शार्कच्या पोटात बापलेकांची भेट होते. पण तेवढ्याने बाहुल्याचा माणूस होत नाही. आजारी बापाला पेलाभर दूध मिळावे म्हणून तो एका मळेकऱ्याकडे रहाट ओढतो. शंभर बादल्या पाणी काढावे तेव्हा एक पेला दूध मिळते. हे तो कित्येक महिने करतो, टोपल्या विणायला शिकतो, रात्री लिहिण्यावाचण्याचा सराव करतो. मग एका सकाळी तो खराखुरा मुलगा होऊन उठतो.

भाषेचे काम कसे झाले

या पुस्तकाची भाषा हाच त्याचा खरा चमत्कार होता. पाठ्यपुस्तकांतली माणसे व्याख्यान दिल्यासारखी बोलत. कोलोदींची माणसे भांडतात, टोमणे मारतात, लाडीगोडी लावतात, रडून ओरडून कबुली देतात. जेपेत्तोचा पिवळा टोप मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीसारखा दिसतो म्हणून गल्लीतली पोरे त्याला त्या लापशीच्या नावानेच चिडवतात. वाक्ये लहान आहेत. संवाद भरपूर आहेत. फ्लॉरेन्सचे बोलीतले शब्द आणि वाक्प्रचार आहेत, पण ते अशा जागी येतात की प्रसंगावरूनच अर्थ कळतो. घरी व्हेनिसची किंवा नेपल्सची बोली बोलणाऱ्या मुलाला इटालियन ही इन्स्पेक्टर तपासायला येणार म्हणून पाठ करायची भाषा वाटत असणार. इथे त्याच भाषेत एक वात्रट पोर त्याच्याशी बोलत होते.

एका पुस्तकाने देशाला भाषा शिकवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. इटालियन घराघरांत पोहोचली ती शाळा, लष्करातील सक्तीची सेवा, शहरांकडे झालेले स्थलांतर, वर्तमानपत्रे आणि १९५४ पासूनचे दूरचित्रवाणीचे प्रसारण या सर्वांच्या जोरावर, आणि त्याला शंभर वर्षे लागली. पण या शंभर वर्षांत वर्गाबाहेर, कुणी सांगितले नसताना, मुलांनी आपण होऊन हातात घेतलेल्या मोजक्या पुस्तकांत पिनोकिओ अग्रभागी होता.

कोलोदींना हे यश पाहायला मिळाले नाही. त्यांच्याजवळ राहणारी आई १८८६ मध्ये वारली. त्यानंतर ते खचले. २६ ऑक्टोबर १८९० रोजी फ्लॉरेन्समध्ये, घराच्या दाराशीच, त्यांना अचानक मृत्यू आला. वय चौसष्ट वर्षे पुरी व्हायला महिनाभर कमी होता. सान मिनियातो या टेकडीवरच्या देवळाजवळील स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. पहिले इंग्रजी भाषांतर निघाले १८९२ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर दोन वर्षांनी. आज हे पुस्तक दोनशेहून अधिक भाषांत गेलेले आहे. त्यांच्या आजोळी, कोलोदी गावात, १९५६ मध्ये पिनोकिओचे स्मारक आणि बाग उभी राहिली. ज्या गावाचे नाव लेखकाने घेतले होते त्या गावाला आता लेखकामुळे ओळखतात.

तीच भाषा, दुसरा मार्ग

या चरित्राला एक कडू शेपूट आहे आणि सीमाभागात राहणाऱ्यांनी ते जरूर पाहावे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहाने, दक्षिण टिरोल हा जर्मन बोलणारा डोंगरी मुलूख इटलीला जोडला गेला. मुसोलिनीची सत्ता आल्यावर १९२३ पासून तिथल्या जर्मन शाळा एकेक इयत्ता करीत इटालियन करण्यात आल्या. जर्मन शिक्षक घरी बसले. गावांची नावे बदलली. याच सुमारास बिचाऱ्या पिनोकिओलाही फॅसिस्टांचा काळा सदरा घालून प्रचाराच्या पुस्तकांत उभे करण्यात आले. बापाचे न ऐकणारे ते लाकडी पोर आता हुकूम पाळू लागले.

काय झाले? दक्षिण टिरोलमधल्या खेड्यांत शेतघरांच्या माळ्यांवर, तळघरांत, चोरून जर्मन वर्ग भरू लागले. तरुण मुली शिक्षिका होऊन हे वर्ग चालवीत. पकडल्या गेल्या तर दंड आणि तुरुंग होता. वीस वर्षांच्या सक्तीने जर्मन मेली नाही. १९४६ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यात करार झाला, १९७२ मध्ये विस्तृत स्वायत्तता मिळाली, आणि तिथे आज मुलांना जर्मन माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. त्या शाळांत इटालियन दुसरी भाषा म्हणून शिकवली जाते.

जी भाषा कोलोदींच्या हातून मुलांना हसवत गेली तीच भाषा फौजदाराच्या हातून गेली तेव्हा लोकांनी दार लावून घेतले. सरहद्दीवरच्या आस्कोलींनी १८७३ मध्ये दिलेला इशारा असा पन्नास वर्षांनी खरा ठरला.

आपल्यासाठी काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, भालकी, कारवार या भागांतल्या मराठी घरांत १९५६ पासून भाषेचा लढा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शाळा, परिपत्रके, सातबाऱ्याचे उतारे आपल्या भाषेत मिळावेत ही मागणी रास्तच आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण शाळेचे माध्यम मराठी राहिले आणि मुलाच्या हातात मराठी गोष्टीचे पुस्तक आलेच नाही, तर त्या मुलाच्या लेखी मराठी ही परीक्षेची भाषा होऊन बसेल. मग त्याची स्वप्ने दुसऱ्याच भाषेत रंगू लागतील.

मराठीत अशा पुस्तकांची वाण नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नची साहसे मराठी मुलांसाठी आणली आणि फास्टर फेणेसारखा आपल्या मातीतला उपद्‌व्यापी पोरगा उभा केला. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघत आहे. अडचण पुस्तक गावापर्यंत पोहोचण्याची आहे. तालुक्याच्या गावी संमेलन भरते, भाषणे होतात, हारतुरे होतात. त्या खर्चातला चौथा हिस्सा काढून पंधरा-वीस गोष्टीच्या पुस्तकांची पेटी गावातल्या शाळेत किंवा देवळाच्या ओवरीत ठेवता येणार नाही काय? मुलांनी ती फाडली तरी चालेल. फाटलेले पुस्तक वाचले गेलेले असते.

दुसरी गोष्ट बोलीची. आपल्या मुलांच्या मराठीत कानडीचे शब्द आहेत, कोकणीचा हेल आहे, पाठ्यपुस्तकात न सापडणारी क्रियापदे आहेत. यासाठी त्यांना वर्गात हसू नये. कोलोदींनी चाळीस वर्षे ऐकलेले गल्लीतले बोलणे पुस्तकात आणले म्हणून ते पुस्तक जिवंत झाले. सीमाभागातल्या बोलीत बोलणारा, घटप्रभेच्या किंवा मलप्रभेच्या काठी उनाडक्या करणारा, गाढवाचे कान फुटेपर्यंत हट्टीपणा करणारा एखादा पोरगा मराठी बालसाहित्यात अजून यायचा आहे. तो घडवणारा लेखक याच भागात कुठेतरी, एखाद्या कचेरीत कारकुनी करीत, निवृत्तीचे दिवस मोजत बसलेला असेल. त्याने उशीर झाला असे मुळीच समजू नये. कोलोदींनी ओंडका हातात घेतला तेव्हा ते चौपन्न वर्षांचे होते.